म्हंजेकाका

दिल्लीहून आलेली कुठलीही बातमी त्यांच्यासमोर ठेवली, की ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "म्हंजे काय?" बातमी परदेश दौऱ्याची असो, उपग्रहाची असो, नाहीतर बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्याची असो, प्रश्न तोच. त्यात चेष्टा नसे आणि आपल्याला समजत नाही याची लाजही नसे. दुकानात कापड हातात घेऊन ते उन्हाकडे धरून बघावं, तसं ते बातमीला धरून बघत. आमच्या रेडिओ केंद्रावर त्यांचं मारोतराव हे नाव फक्त हजेरीच्या वहीत होतं. बाकी सगळे, तेलुगू बोलणारे इंजिनियरसुद्धा, त्यांना म्हंजेकाका म्हणत.

केंद्र तेलुगू राज्याच्या सरहद्दीवर, जिल्ह्याच्या गावी, सरकारी. दिवसभर तेलुगू कार्यक्रम, मधूनमधून हिंदी, आणि मराठीच्या वाट्याला थोडा वेळ. संध्याकाळी दिल्लीच्या हिंदी बातम्या जशाच्या तशा लागत. त्या संपल्या की पंधरा मिनिटं आमची. कार्यक्रमाचं नाव होतं 'देश आणि आपण'. नुकत्याच झालेल्या बातम्यांतल्या चार-पाच मराठीत सांगायच्या, त्यावर थोडं बोलायचं आणि आठवड्यातून एक दिवस ऐकणाऱ्यांचे फोन घ्यायचे. मी इचोड्याहून बसने यायची. हमरस्त्यावर वडिलांचं किराणा दुकान होतं, मी मराठीत एम. ए. झाले होते आणि आवाजाच्या परीक्षेत पास झाले होते. काका माझ्याहून तीस-पस्तीस वर्षांनी मोठे. दोघेही कॅज्युअल, म्हणजे बोलावतील त्या दिवशी यायचं.

त्यांचं गाव तलमडुगू मंडलातलं. तिथं सगळी शेतं पावसाच्या भरवशाची, कापूस आणि ज्वारीची. काकांच्या वावरात मात्र विहीर होती आणि विहिरीपुरता भाजीचा मळा. वांगी, मिरची, आणि सांबार. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. दुपारी लुनावर पोतं बांधून ते बाजारात येत, भाजी उतरवत, नळावर हातपाय धुवत आणि मग केंद्रावर. कधी कधी बोटांना मिरचीचा तिखटपणा राहिलेला असे आणि डोळा चोळला की बातम्या वाचताना घळाघळा पाणी वाहत असे. एकदा निधनाची बातमी वाचताना असं झालं, तेव्हा काचेपलीकडचा इंजिनियर हेलावून गेला होता. काकांनी त्याला खरं काय ते सांगितलं नाही.

शाळकरी वहीत ते बातम्या उतरवून घेत आणि समासात प्रत्येक बातमीचा 'म्हंजे' लिहीत. एखादं विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झालं, तर समासात असे: 'ग्रामसभेत सरपंच विचारतो, मंजूर हाय का, आणि सगळे हो म्हणून ओरडतात. कोपऱ्यात रुसून बसलेल्याला कोणी मोजत नाही.' दोन देशांनी राजनैतिक संबंध तोडले, तर: 'बोलचाल बंद. एकमेकांची माणसं आपापल्या घरी धाडली.' कमी दाबाच्या पट्ट्याचा म्हंजे सगळ्यांत आखूड होता. 'वेचलेला कापूस अंगणात असेल तर आत घ्या.'

हे सगळं ते आमच्या बोलीत बोलत. शहरातल्या कुणा गृहस्थाने एकदा पत्र लिहिलं, की सरकारी रेडिओवर अशी गावंढळ भाषा ऐकून मान खाली जाते. आमच्या साहेबांची मातृभाषा तेलुगू. त्यांनी पत्र माझ्याकडून वाचून घेतलं, अर्थ समजून घेतला आणि फाइलला लावून टाकलं. काकांना ते काही बोलले नाहीत. मला म्हणाले, की बाजारातली भाजीवाली मला हिंदीत विचारते, आज मारोतराव का नाही आले. अशी विचारणारी माणसं मला माझ्या भाषेतल्या कार्यक्रमांनाही मिळत नाहीत.

भाजीवालीने विचारण्याचं कारण होतं. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी भाजी उतरवताना काका बायांना विचारत, काल देशात काय झालं. कुणी सांगे, कुणी हसे. एक म्हातारी एकदा म्हणाली, की तुमचा आवाज ऐकला, बरं वाटलं, पण समजलं काहीच नाही. त्या दिवशी ते केंद्रावर आले तेच उतरल्या चेहऱ्याने. चहा घेतला नाही. आदल्या दिवशीचं पान काढून माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, यातला कोणता शब्द तिला आडवा आला असेल. शब्द होता 'निर्गुंतवणूक'. मी म्हटलं, काका, हा मलाही नीट समजत नाही. ते म्हणाले, "मंग काल काऊन नाई सांगतलं वं? आपन दोघंही न समजता बोललो."

ते वाक्य मी पुढे किती वेळा आठवलं असेल.

टाळेबंदी आली तेव्हा उन्हाळा तोंडावर होता. बाजार बंद, बसगाड्या बंद, पैनगंगेवरचा पूल बंद. आमच्या जिल्ह्यात ही नदी म्हणजे दोन राज्यांची सरहद्द. पण नदीच्या दोन्ही अंगांना भाषा एक, सोयरिक एक. निम्म्या घरांच्या लेकी पल्याड दिलेल्या आणि निम्म्या घरांच्या सुना पल्याडून आणलेल्या. एका संध्याकाळी दिल्लीने सांगितलं, जो जिथे आहे त्याने तिथेच राहावं, आणि पूल मधोमध अडवला गेला. साहेबांनी आमचा कार्यक्रम अर्ध्या तासाचा केला आणि फोन रोज घ्यायला सांगितले. फोन थांबत नसत. बेज्जूरच्या जंगलपट्ट्यातून, जिथं आमचा आवाज खरखरत पोचायचा, तिथूनही लोक फोन करत. सगळ्यांना काकांचा म्हंजे हवा होता. दिल्लीचं वाक्य त्यांनीही ऐकलेलं असे. त्या वाक्याने आपल्या घरात काय होणार, हे त्यांना विचारायचं असे.

रेडिओची माणसं म्हणून आम्हा दोघांना पास होते. मला केंद्राची जीप आणायला येई. काका लुनावरच येत. गावाच्या फाट्यावर, मग शहराच्या तोंडाशी, दोन ठिकाणी बांबू आडवे असत. पहिल्या दोन दिवसांत शिपायांनी पास बघितला. पुढे नुसता चेहरा बघून बांबू वर करू लागले. एकाने तर त्यांना थांबवून विचारलं होतं, काका, हे कधी संपणार. केंद्रावर येऊन त्यांनी मला ते कौतुकाने सांगितलं होतं.

त्याच आठवड्यातला फोन. बाईंनी नाव सांगितलं, कौसल्याबाई. नदीकाठचं गाव सांगितलं. मुलगी पल्याड दिलेली, नववा महिना लागलेला, घरात सासू नाही, जाऊबाई नाही. पहिलंच बाळंतपण. त्यांनी विचारलं, मी जाऊ का.

दिल्लीच्या त्या दिवशीच्या बातम्यांत होतं, की वैद्यकीय निकड असलेल्यांना स्थानिक प्रशासनाच्या परवानगीने प्रवासाची सवलत राहील. दहा मिनिटांपूर्वी ती बातमी काकांनीच मराठीत वाचली होती, परवानगीसकट. पण कौसल्याबाईंना उत्तर देताना ते वहीकडे बघत नव्हते. ते माइककडे झुकले होते, समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसे.

"बाळंतपन म्हंजे दवाखान्याचंच काम हाय, माय. कोनी अडवनार नाई. जा तुमी."

माझ्या हातात पेन्सिल होती. माझ्यासमोरच्या कागदावर 'परवानगीने' हा शब्द होता आणि मी त्याखाली कार्यक्रमाच्या आधी रेघही मारली होती. एवढंच म्हणायचं होतं, की ताई, आधी तहसीलमधून कागद काढा. मी म्हटलं नाही. काका इतक्या खात्रीने बोलले होते, आणि त्या बाईचा श्वास सुटलेला मला फोनवर ऐकू आला होता. पुढचा फोन वाजत होता. मी तो घेतला.

आठेक दिवसांनी कार्यक्रमाच्या थोडं आधी कौसल्याबाईंचा परत फोन आला. मी ओळखलं आणि काकांना दिला. स्टुडिओच्या बाहेरचा जुना फोन होता तो, समोरच्याचा आवाज दोन हातांवर ऐकू यायचा. त्यांनी सांगितलं ते असं. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या भाच्याच्या गाडीवर बसून पुलावर गेल्या. नाक्यावरच्या माणसांनी कागद मागितला. त्यांनी सांगितलं, रेडिओवर म्हटलं आहे, बाळंतपणाला अडवणार नाहीत. त्या माणसांनी विचारलं, कोणत्या रेडिओवर. दिवसभर त्या पुलाच्या कठड्याशी बसून राहिल्या, कुणाची पाळी बदलली की परत विचारायच्या. मग घरी आल्या. दुसऱ्या दिवशी तहसीलला गेल्या तर माणूस जागेवर नव्हता. तिसऱ्या दिवशी अर्ज घेतला, चौथ्या दिवशी कागद मिळाला. त्याच पहाटे मुलीला कळा सुरू झाल्या होत्या. नवरा गाडी शोधायला गेला, गाडी मिळेपर्यंत फार वेळ झाला. मुलगी वाचली. बाळ राहिलं नाही.

त्या भांडत नव्हत्या. मला आजही वाटतं, भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुमी म्हटलं होतं ना भाऊ, कोनी अडवनार नाई."

काका रिसीव्हर धरून उभे राहिले. पलीकडून फोन ठेवला गेला तरी उभे होते. मग लाल दिवा लागायची वेळ झाली आणि आम्ही दोघे आत जाऊन बसलो. त्या दिवशी त्यांनी बातम्या वाचल्या. नुसत्या वाचल्या. फोनवर कुणीतरी विचारलं, बँकेत जाता येईल का. काका म्हणाले, कागदावर आहे तेवढं मी वाचलं आहे.

पूल उघडला तेव्हा पावसाळा निम्मा सरला होता. काकांनी मला विचारलं, तू येशील का माझ्यासोबत. कुठं ते मी विचारलं नाही. कौसल्याबाईंचं घर नदीपासून जवळच होतं, मातीच्या भिंतीचं, सारवलेलं. मुलगी आईकडे आली होती. तिनेच आम्हाला पाणी आणून दिलं. काकांनी भाजीची पिशवी आणली होती. ती कुठं ठेवावी हे त्यांना कळेना, मांडीवरच घेऊन बसले. लुनावर पूर्ण वाटभर त्यांनी काय बोलायचं ते जुळवलं असणार, कारण ते एकदम बोलले.

"माय, माझ्यानं चूक झाली. कागदावर इजाजत लिहेल होतं. मी ते तुमाले सांगतलं नाई."

कौसल्याबाई जमिनीकडे बघत होत्या. आमच्याकडे अशा वेळी माणसं म्हणतात, जाऊ द्या, देवाची मर्जी. मी त्या शब्दांची वाट बघत होते. काकाही बघत असतील.

त्या म्हणाल्या, "इजाजत लागते हे मालूम असतं, तं मी त्याच दिवशी कागद काढला असता."

एवढंच. मग त्या उठल्या, चहा ठेवला. भाजीची पिशवी काकांच्या मांडीवरून घेतली, सुपात रिकामी केली आणि घडी घालून परत दिली. आम्ही चहा प्यालो. मला सांगायचं होतं, की शब्द माझ्याही समोर होता, मी रेघ मारली होती. स्टुडिओत एकदा, आणि त्या घरात दुसऱ्यांदा मी गप्प बसले.

त्यानंतर काकांनी म्हंजे सांगणं सोडलं. वहीत बातमी उतरवून घेत, समास कोरा राही. आवाज तोच, वाचणं पूर्वीपेक्षा शुद्ध. 'अध्यादेश', 'निर्गुंतवणूक', 'तूट', सगळं जसंच्या तसं. बेज्जूरकडच्या एका म्हाताऱ्या माणसाचा फोन नेहमी यायचा. त्याने दोन-तीनदा म्हटलं, काका, ते म्हंजे काय ते सांगा ना. काका म्हणत, इतकंच लिहिलं आहे, दादा. हळूहळू त्याचा फोन येईनासा झाला. बाजारात बायांना विचारणंही त्यांनी थांबवलं. भाजी उतरवायची आणि यायचं.

मी त्यांच्याशी खूप वाद घातला. एका चुकीसाठी तुम्ही किती लोकांना उपाशी ठेवता, असंही म्हणून बसले. तुम्ही शेकडो वेळा बरोबर सांगितलं आहे, म्हटलं. ते म्हणाले, "ज्यायले बरोबर सांगतलं त्यायचा फोन येत नाई ना, पोरी." मग मी स्वतःच समजावून सांगायला लागले. दोन महिने केलं. माझी भाषा पुस्तकी, आणि शेवटच्या शब्दाशी आलं की जीभ अडे. हे खरंच असं आहे का, हा प्रश्न मनात आला की वाक्य मधेच लोंबकळे. एका बाईने फोनवर विचारलं, ताई, तुमची तब्येत बरी नाही का.

साहेबांनी काही दिवस वाट बघितली. ते काकांना घेऊन बाहेरच्या कडुलिंबाखाली बसत, मोडक्या मराठीत समजावत. काका ऐकून घेत आणि मान हलवत. नंतर वरून पत्र आलं. छोट्या केंद्रांवरचे असे तुकडे बंद करून त्या वेळात मोठ्या केंद्राचा कार्यक्रम सगळीकडे एकदमच लावायचा होता. साहेबांनी आम्हाला बोलावून पत्र वाचून दाखवलं. वाचताना त्यांचा चहा गार झाला. त्यांचीही बदली ठरली होती. मी अर्ज लिहिला, खेडोपाडीच्या माणसांच्या सह्या गोळा केल्या, अंगठेही घेतले. उत्तर आलं, तुमचे पत्र मिळाले. त्या उत्तराचं पुढं काय करायचं, हे साहेबांनाही माहीत नव्हतं.

शेवटच्या दिवशी मला वाटलं, काका काहीतरी बोलतील. इतकी वर्षं लोकांनी त्यांना ऐकलं होतं. चार बातम्या झाल्या, दीड मिनिट उरलं होतं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बातम्या संपल्या." आणि वही मिटली. उरलेलं दीड मिनिट इंजिनियरने बासरी लावून भरून काढलं.

काका गेले, त्याच्या आधीच्या पावसाळ्यात मी त्यांना शेवटचं भेटले. मी तोवर इचोड्याला एका खासगी शाळेत मराठी शिकवत होते. त्यांना धाप लागायची, पण वांगी तोडायला ते स्वतः वावरात जात. मीही एक टोपली घेतली आणि वाफ्याच्या दुसऱ्या बाजूने तोडत निघाले. त्यांनी माझ्या वडिलांची चौकशी केली, पोरांना काय शिकवते ते विचारलं. रेडिओचं नाव दोघांनीही काढलं नाही. घरात रेडिओ आहे का, हेही मी विचारलं नाही.

एवढ्यात शेजारच्या वावरातली बाई बांधावरून आली. चाळिशीची असेल. हातात फोन होता. तो तिने काकांपुढे धरला आणि वाजवला. कुणीतरी भारदस्त आवाजात हिंदीत सांगत होतं, की दिल्लीत ठरलं आहे, ज्या बायांकडे माहेरचे कागद नाहीत त्यांची नावं रेशनमधून कापली जाणार. मागे बातम्यांसारखं संगीतही होतं. तिचं माहेर पल्याडचं. आईबाप वारलेले, घर पडलेलं. कागद कुठला असणार? तिने विचारलं, हे खरं आहे का.

काकांनी फोन हातात घेतला. परत ऐकलं. आणखी एकदा ऐकलं. कोण बोलतंय, कुठून आलंय, हे त्या फोनवर कुठंच नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, फोन तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "मले मालूम नाई, वहिनी."

ती तशीच उभी राहिली. तिला वाटलं असावं, ते अजून काही बोलतील.

"तुमालेच मालूम नाई, तं कोनाले मालूम राहीन?"

काकांनी टोपली पुढच्या झाडाशी सरकवली. तेव्हा ती माझ्याकडे वळली. म्हणाली, ताई, तुम्ही पण रेडिओत होत्या ना. मी होय म्हटलं. माझ्या हातात टोपली होती. ते खोटं असणार असं मला वाटत होतं, जवळजवळ खात्रीच होती. पण दिल्लीत काय ठरलं हे मी ऐकलेलं नव्हतं, कुणाला विचारता येईल हे ठाऊक नव्हतं, आणि ही बाई माझ्या एका शब्दावर रात्री झोपणार होती किंवा उद्या तहसीलला धावणार होती. मी काकांकडे बघितलं. ते वाकून पानाखाली वांगं शोधत होते.

मलाही माहीत नाही, असं मी तिला सांगितलं.

तिने फोन पदरात गुंडाळला आणि आली तशी बांधावरून निघाली. थोडं पुढे गेल्यावर थांबली. फोन कानाला लावून परत ऐकू लागली. आम्ही दोघे वांगी तोडत राहिलो.